खंडेनवमीला चालू केलेलं मशीन

सीपीयूचं झाकण निम्मं उघडलं होतं. दोन स्क्रू दातात, तिसरा फिरवत होतो. तेवढ्यात रावसाहेबांनी खिशातून एक पिवळा कागद काढला, चष्मा नाकावर चढवला आणि म्हणाले, "अरुणराव, जरा दम खावा. काम सुरू करायच्या आधी बॅकअप घेतला का तुमी?"

दातातले स्क्रू गिळायचेच बाकी होते.

रावसाहेब सांगलीच्या मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी. चार वर्षं त्यांच्या पेढीवरचा कॉम्प्युटर मीच बघत होतो. त्या चार वर्षांत त्यांनी मला फक्त दोनच प्रश्न विचारले होते, चहा घेणार का आणि किती वेळ लागंल. बॅकअप म्हणजे मशीनमधल्या माहितीची जादा प्रत. फ्लॉपीवर काढून बाजूला ठेवायची, घराची दुसरी किल्ली शेजाऱ्यांकडं ठेवतो तशी. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर दर वेळी घेत बसावं लागलं असतं.

"कुणी दिला हा कागद?" मी विचारलं.

"ती उज्ज्वला म्याडम हाय न्हवं, विश्रामबागला हापिस टाकलंय तिनं. साताऱ्याकडची. वडील फौजंत सुभेदार हुते. पोरगी सर्टिफाइड हाय म्हनं."

"सर्टिफाइड म्हणजे?"

"म्हंजे परीक्षा दिलीया. फारिनच्या कंपनीची." त्यांनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "तुमची कंची परीक्षा झालीया, अरुणराव? हितं तिसरा प्रश्न त्योच हाय."

मी म्हटलं, माझी रोजच परीक्षा असते. ते हसले नाहीत. कागदाची घडी घालून म्हणाले, "बेस्तरवारी आपल्या व्यापारी संघटनेत तिचं भाषण हाय. तुमी बी या. शिकाय मिळंल."

शिकाय मिळंल! अंगाची नुसती लाहीलाही झाली.

पंच्याण्णव-शहाण्णवचा तो काळ. मी मूळचा टाइपरायटर मेकॅनिक. कोर्टासमोरच्या टायपिंगवाल्यांपासून साखर कारखान्याच्या हेड ऑफिसपर्यंत, कृष्णेच्या दोन्ही काठांवरचे टाइपरायटर माझ्या हाताखालून गेलेले. त्यांचे दिवस भरत आले तसा मी कॉम्प्युटर शिकलो. शिकलो म्हणजे उघडून बघितला. उघडला, चुकलो, पुन्हा बंद केला. पुस्तकाला हात लावला नाही. तेव्हा सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारे आम्ही तिघंचौघं, त्यात मी सगळ्यात जुना. बिघडलं की 'अरुणरावाला बोलवा'. एवढंच माझं सर्टिफिकेट, आणि ते पुरत होतं.

गुरुवारी गेलो. शेवटच्या रांगेत खांबाआड बसलो. भडंग आणि चहा होता म्हणून हॉल भरला, असं मी स्वतःला सांगितलं. वाटलं होतं, कुणीतरी केस कापलेली, फाडफाड इंग्रजी झाडणारी बाई येईल, व्यापारी जांभया देतील आणि आपण सुखानं घरी जाऊ. आली ती तेल लावून घट्ट वेणी घातलेली, पंचवीस-सव्वीसची पोरगी. मागं तिचे वडील, मिशा पिळलेले, पिवळ्या कागदांचा गठ्ठा धरून.

"नमस्कार. मला भाषण न्हाई येत," ती म्हणाली. "मी कागदावर पाच प्रश्न लिवल्यात. तुमचा कॉम्प्युटरवाला कुणी बी असू द्या, मी असंल न्हाईतर दुसरं कोन, त्याला हे पाच प्रश्न इचारायचे. आधी बॅकअप घेतो का. स्वतःची फ्लॉपी तपासून घालतो का. परीक्षा कंची आणि कवाची. काय काय केलं ते लिवून देतो का. आणि जे येत न्हाई ते येत न्हाई म्हनून सांगतो का."

पाचही प्रश्नांत मी नापास. हॉलमध्ये मलाच काय ते माहीत होतं, पण सगळे वळून माझ्याकडं बघतायत असं वाटत होतं.

कुणीतरी विचारलं, "सर्टिफिकेट असलं की माणूस हुशार, असं काय हाय का?"

"न्हाई ओ. ड्रायव्हिंगचं लायसन असलं म्हंजे माणूस भारी गाडी चालवतोय असं कुटं हाय? पर ब्रेक कुटं असतोय ते म्हाईत हाय, येवढं नक्की." मग तिनं सांगितलं, परीक्षा पुण्याला जाऊन द्यावी लागते, कॉम्प्युटरसमोर बसून, निकाल तिथल्या तिथं. "मी दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा सुटले. आणि दोन वर्सांनी परत द्याची. मुदत असतीया."

"म्हंजे औषधाच्या बाटलीगत!" रावसाहेब म्हणाले, आणि सगळा हॉल हसला.

नापास झाल्याचं असं हसत सांगून टाळ्या घेणारी बाई मी पहिल्यांदा बघत होतो. पोटात दुखायला लागलं. खरंच सांगतो, हेवा हा माणसाला पोटातच होतो. मी उठलो आणि आवाज चढवून विचारलं, "मॅडम, तुम्ही कधी टाइपरायटर उघडून बघितलाय का?"

"न्हाई सर," ती म्हणाली. "तुमी शिकवाल का?"

टाळ्या. पुन्हा तिलाच.

घरी येऊन तणतणलो. बायको, शोभा, शेंगा सोलत ऐकत होती. म्हणाली, "मग तुम्ही पण द्या की ती परीक्षा."

"पंचेचाळिसाव्या वर्षी?"

"जळायला वय आडवं येत नाही, परीक्षेलाच येतं होय?"

मी जेवलो नाही त्या रात्री. म्हणजे भाकरी खाल्ली, भात खाल्ला नाही.

पुढचे पंधरा दिवस त्या पिवळ्या कागदानं माझा पिच्छा पुरवला. माधवनगरच्या एका यंत्रमागवाल्यानं तो मॉनिटरला सेलोटेपनं चिकटवला होता. मी काम करत असताना तो शेजारी उभा राहून मोठ्यानं वाचायचा. एका दवाखान्यात डॉक्टरांनी काय केलं ते लिहून मागितलं. मी 'दुरुस्त केलं' असं लिहून दिलं. ते म्हणाले, मी पेशंटला 'औषध दिलं' एवढंच लिहून देऊ का? फोन कमी झाले. विश्रामबागेवरून जाताना मी मुद्दाम तिच्या ऑफिससमोरून सायकल न्यायचो आणि बाहेर चपला किती आहेत ते मोजायचो. हा उद्योग मी केलेला आहे, नाकारत नाही.

एकच ठिकाण होतं जिथं हा कागद पोचणार नाही अशी मला खात्री होती. मालतीवहिनींचं.

मालतीवहिनी माझ्या मित्राच्या पत्नी. मित्र अकाली गेला. वहिनींनी गावभागातल्या घराच्या पुढच्या खोलीत वधूवर सूचक केंद्र काढलं आणि दोन मुलांची शिक्षणं त्यावर केली. त्यांना कॉम्प्युटर मीच घेऊन दिला होता. संध्याकाळी बसून त्यांनी अकराशे स्थळांची माहिती स्वतः टाइप केली. जन्मवेळ, उंची, गोत्र, अपेक्षा, मामांचं गाव, सगळं. त्या उन्हाळ्यात मी त्यांना म्हटलं होतं, "वहिनी, आता हे कागदी फॉर्म कशाला? सगळं मशीनमध्ये आहे. द्या रद्दीला." त्यांनी दिले. एक आख्खं कपाट रिकामं झालं म्हणून मला बासुंदी खाऊ घातली होती.

दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी त्यांचा वधूवर मेळावा होता. मंगल कार्यालय ठरलेलं, यादीची पुस्तिका छापायला जायची होती. वर्षभराची सगळी मेहनत त्या एका दिवसावर होती. मेळावा चांगला झाला की वर्ष निघायचं.

खंडेनवमीला मी दर वर्षी त्यांच्याकडं जातो. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा. शेतकरी विळा-कोयता मांडतो, सुतार करवत मांडतो, फौजी घरातल्या भिंतीवरची तलवार खाली येते. त्या दिवशी हत्यार वापरायचं नाही, त्याला विश्रांती. वहिनींचं हत्यार म्हणजे कॉम्प्युटर. तो पुसून लख्ख केला होता. मॉनिटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर फुलं, सीपीयूला पाच बोटं हळदीची. आणि मॉनिटरच्या कोपऱ्यात, हाराच्या आड, पिवळा कागद.

"हा इथं कसा आला, वहिनी?"

"त्या उज्ज्वलेनं दिला हो, भावजी. भाजीला गेले होते तिथं भेटली. गोड मुलगी आहे." वहिनी नैवेद्याची तयारी करत होत्या. "मशीन आठवडाभर सुरू होताना काहीतरी चौकट दाखवतंय. डिस्क म्हणून काहीतरी असतं त्यात. तुम्हाला दोनदा निरोप पाठवला, तुम्ही आला नाहीत. म्हटलं आता तिलाच दाखवावं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार आहे."

निरोप मिळाले होते. मी त्या आठवड्यात चपला मोजत होतो.

"अहो, तिला कशाला? पाच मिनिटांचं काम. आत्ता करतो."

"आज?" वहिनींनी माझ्याकडं असं बघितलं, जसा मी देव्हाऱ्यात बूट घालून गेलो. "आज खंडेनवमी, भावजी. आज हात लावायचा नाही. बसा, कडाकणी देते."

कडाकणी म्हणजे आमच्याकडं नवरात्रात घटावर बांधतात ती कडक गोड पुरी. ती आणायला त्या आत गेल्या. आत पाहुणीही होती, बोलणं सुरू झालं. मी खोलीत एकटा, समोर हार घातलेलं मशीन आणि तो कागद. डोक्यात एकच विचार, परवा ती येईल तेव्हा तिला करायला काही शिल्लक राहता कामा नये. 'हे तर चालतंय की,' असं तिनं म्हणावं आणि वहिनींनी म्हणावं, 'भावजींनी केलं.' बस्स.

मी हार बाजूला सरकवला आणि मशीन चालू केलं.

खिशात माझी सुरुवात करायची फ्लॉपी होतीच. तिच्यावरून मशीन उठवलं. स्क्रीनवर उत्तर आलं, सी ड्राइव्ह नाही. सी ड्राइव्ह म्हणजे ज्या डिस्कवर सगळं असतं ती. घरात शिरावं आणि घरात खोल्याच नसाव्यात, तसं. माझा एक हुकमी एक्का होता, एक कमांड, डिस्कचं पहिलं पान ती नव्यानं लिहून काढते. डिस्क सुरू होत नसली की मी ती मारायचो, दहापैकी आठ वेळा चालायचं. मारली. पुन्हा चालू केलं. काहीच नाही. आता तर फ्लॉपीशिवाय मशीन उठायलाही तयार नव्हतं.

बॅकअप! वहिनींचा बॅकअप होता. रावसाहेबांकडं नव्हता, पण वहिनींना मी सात फ्लॉप्या काढून दिल्या होत्या. त्या वेळच्या मोठ्या, लवचीक फ्लॉप्या, ज्यांच्या काळ्या पाकिटाला मध्ये लांबट खिडकी असायची आणि आतली चकती उघडी दिसायची. मशीन त्या खिडकीतूनच वाचतं. बोट लावायचं नाही, एवढं एक पथ्य. त्या साती फ्लॉप्या ताम्हनात मांडलेल्या होत्या. वहिनींनी प्रत्येकीला हळदकुंकू वाहिलं होतं, ओल्या बोटानं, बरोबर त्या खिडकीत. त्यांचंही चूक नाही. कुठंही बघा, टिळा लावायची जागा म्हणून ती खिडकीच दिसते.

दुसरा कुणी थांबला असता. मी पहिली फ्लॉपी धोतराच्या सोग्यानं पुसावी तशी शर्टानं पुसली आणि घातली. करकर आवाज आला. काढली, दुसरी घातली. मोठा करकर. तिसरी. तिसरीला तर ड्राइव्हचा दिवासुद्धा विझेना.

आतून वहिनींची हाक आली, "भावजी, दूध घालून खाणार का नुसती?"

"नुसती!" मी ओरडलो. मशीन बंद केलं, फ्लॉप्या ताम्हनात ठेवल्या, हार जागेवर घातला, फुलं कीबोर्डवर परत मांडली. वहिनी आल्या तेव्हा मी हात जोडून पूजेसमोर उभा होतो. मी ती कडाकणी खाल्ली. आणि एक शब्द बोललो नाही.

दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला त्यांच्याकडं गेलो नाही. शोभाला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला फोन. "भावजी, या हो लवकर. मशीन सुरूच होत नाही."

गेलो. उज्ज्वला मशीनसमोर मांडी घालून बसली होती, शेजारी वही. तिनं झाकण उघडलं नव्हतं, कशाला हातही लावलेला दिसत नव्हता. नुसती लिहीत होती. मला बघून उठून उभी राहिली. ते मला आणखीच झोंबलं.

"वैनी, शेवटचं कुणी चालू केलं हुतं?" तिनं विचारलं.

"कुणीच नाही गं. अष्टमीला मी बंद केलं. नवमीला पूजा, काल दसरा. हात नाही लावला कुणी." वहिनी ताम्हनातल्या फ्लॉप्यांकडं बघत होत्या. उज्ज्वलेनं त्यांना नुकतंच खिडकीचं सांगितलं असावं, कारण त्यांचे डोळे भरले. "माझ्या कुंकवानं गेलं का गं सगळं? फॉर्मसुद्धा रद्दीत दिले मी. लोकांना काय तोंड दाखवू?"

आणि इथं मी गप्प बसलो असतो तर काही बिघडलं नसतं. माझं. गावभर झालं असतं, बायकांनी कॉम्प्युटरला कुंकू लावलं आणि अकराशे स्थळं बुडाली. लोक हसले असते. मीच ती गोष्ट रावसाहेबांच्या पेढीवर चहाबरोबर सांगितली असती. उज्ज्वलेलाही जमलं नसतं, म्हणजे सर्टिफिकेटवालीही तोंडघशी. माझ्या मनासारखं सगळं आयतं मांडून ठेवलं होतं.

उज्ज्वला आपल्या फ्लॉपीवरून व्हायरस शोधणारा प्रोग्राम चालवत होती. "व्हायरस न्हाई म्हनतंय," ती पुटपुटली. "चौकट येत हुती म्हंजे असाय पायजे हुता. सर, मला हे कळंना. डिस्कच गेली असंल. फॉरमॅट करून बघाय लागंल, दुसरं काय सुचत न्हाई." फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी करणं. मग ती माझ्याकडं वळली. "तुमी लय वर्सं बघताय हे मशीन. तुमाला काय वाटतं?"

कुणी मला असं विचारावं म्हणून मी पंधरा दिवस तळमळत होतो. विचारलं तेही हिनंच.

"वही द्या," मी म्हणालो.

चौथा प्रश्न तोच होता ना, काय काय केलं ते लिहून देतो का. तोंडानं सांगायची माझी छाती नव्हती, म्हणून लिहिलं. खंडेनवमीला दुपारी मशीन मी चालू केलं. वहिनींनी नको म्हटलं होतं. माझ्या फ्लॉपीवरून उठवलं तेव्हा सी ड्राइव्ह दिसला नाही. ही कमांड दिली. कुंकू लागलेल्या पहिल्या तीन फ्लॉप्या ड्राइव्हमध्ये घातल्या. बंद केलं. कुणाला सांगितलं नाही. खाली सही केली. टाइपरायटर दुरुस्तीच्या बिलावर करायचो तशी, पूर्ण नावानिशी.

उज्ज्वलेनं वाचलं आणि ताडकन सरळ बसली. "आवं सर, मग व्हायरस दिसंल कसा? तुमी तर वरनं त्याचं पान पुसलंय!"

तिनं समजावलं ते मला समजलं तसं सांगतो. हा व्हायरस डिस्कचं पहिलं पान उचलतो, कुणाला वाचता येऊ नये असं करून दोन पानं पुढं लपवतो आणि पहिल्या पानावर स्वतः बसतो. मशीनला काही लागलं की तोच उलगडून देतो, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. दुसऱ्या फ्लॉपीवरून मशीन उठवलं की तो नसतो, म्हणून मला सी दिसला नाही. मग मी माझ्या हुकमी एक्क्यानं त्याला हाकलला, आणि किल्ली त्याच्याबरोबर गेली. पण लपवलेलं पान तिथंच होतं. फक्त ते तिथं आहे हे कुणाला माहीत असेल तर.

"मला म्हाईत हाय," उज्ज्वला म्हणाली. "पुस्तकात हुतं. पर तुमी लिवलं नसतं तर मी संध्याकाळपतुर फॉरमॅट मारला असता."

वहिनींनी वही घेतली. उभ्यानं वाचली. एकदा वर बघितलं, एकदा खाली, आणि आत गेल्या. थोड्या वेळानं चहाचे दोन कप आणले. एक उज्ज्वलेचा, एक स्वतःचा.

तीन तास लागले. तिनं आधी आख्ख्या डिस्कची प्रत बरोबर आणलेल्या दुसऱ्या डिस्कवर घेतली, मग त्या प्रतीवर काम केलं. मूळ डिस्कला हातही लावला नाही. मी तिथंच स्टुलावर बसून होतो. चुकीच्या जागी बोट पडलं की ती 'थांबा हं' म्हणायची आणि वही उघडायची. मला तिचा हेवा वाटायचा तो थांबला नाही, पण आता तो वेगळ्या कारणानं होता. मी आयुष्यात कधी 'थांबा हं' म्हटलं नव्हतं.

अडीच वाजता स्क्रीनवर पहिलं नाव आलं. मग दुसरं. वहिनी जवळ आल्या आणि एकेक नाव बोटानं, हवेतच, काचेला न टेकता वाचत गेल्या. अकराशेच्या अकराशे. ताम्हनातल्या उरलेल्या चार फ्लॉप्या उज्ज्वलेनं बाजूला घेतल्या. "ह्या धुऊन निघतील. सरांनी घातलेल्या तीनवर रेघा पडल्यात, त्या गेल्या."

मग म्हणाली, "सर, राग येऊ देऊ नका, तुमची पिशवी बघू का? व्हायरस कुटनं तरी आला आसंल."

माझ्या पिशवीत फ्लॉप्यांचा डबा. तिसऱ्याच फ्लॉपीवर प्रोग्राम केकाटला. मराठी फॉन्टची फ्लॉपी. महिनाभरापूर्वी मीच वहिनींच्या मशीनमध्ये घातली होती. वहिनींच्याच नाही, सगळीकडंच. दुसरा प्रश्न, स्वतःची फ्लॉपी तपासून घालतो का.

माझी छत्तीस गिऱ्हाइकं होती. पुढचा आठवडाभर मी सायकलवरून छत्तीस ठिकाणी गेलो, उज्ज्वलेचा प्रोग्राम आणि तिचेच पिवळे कागद घेऊन. कागद मी मागून घेतले, तिनं दिले नव्हते. आधी कागद द्यायचा, मग बॅकअप घ्यायचा, मग तपासायचं, मग लिहून द्यायचं. अकरा ठिकाणी व्हायरस निघाला.

रावसाहेबांनी माझा लिहिलेला कागद दोनदा वाचला. "म्हंजे तुमीच घातला, आन् तुमीच काडाय आलासा?"

"हो."

"लय धाडस हाय गड्या तुमचं," ते म्हणाले, आणि पुढच्या महिन्यापासून उज्ज्वला मॅडमना बोलवायला लागले. छत्तीसातले तेरा गेले. तिच्या पत्रकांनी जेवढे गेले नसते तेवढे मी स्वतः हातानं पोचवले.

मेळावा झाला. कार्यालय भरलं, पुस्तिका संपल्या. मला निमंत्रण होतं, पण छापील. वहिनींचा फोन वर्षभर आला नाही.

मी परीक्षेची पुस्तकं आणली. शोभानं शेंगा सोलायचं थांबवून बघितलं. पहिल्यांदा पुण्याला गेलो तो नापास होऊन आलो. दुसऱ्यांदा काठावर सुटलो. उज्ज्वला तिसऱ्यांदा सुटली होती, हे मी शोभाला दोनदा सांगितलं. तिच्या सर्टिफिकेटची मुदत माझ्या आधी संपते हेही मी बघून ठेवलं होतं, तारखेसकट. ती मुदतीच्या दोन महिने आधीच पुण्याला जाऊन परीक्षा देऊन आली.

पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी वहिनींचा फोन आला. "भावजी, उद्या या. आणि पास झालात म्हणे, तो कागद आणा."

गेलो. मॉनिटरला हार, सीपीयूला पाच बोटं. फ्लॉप्या या वेळी स्टीलच्या डब्यात, झाकण घट्ट, कुंकू झाकणावर. उज्ज्वला पाटावर बसून कडाकणी खात होती. वहिनींनी माझं सर्टिफिकेट फ्रेमसकट घेतलं, ताम्हनाशेजारी टेकवून उभं केलं आणि काचेला हळदकुंकू लावलं. तो टिळा मी आजतागायत पुसलेला नाही.

वर्षभर पुस्तकं वाचून, दोनदा पुण्याला जाऊन मी जे शिकलो त्यातलं सगळ्यात मोठं एकच, खात्री होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. ते वहिनींनी मला खंडेनवमीला फुकट सांगितलं होतं.

वहिनी कडाकणी आणायला आत निघाल्या. दारात थांबल्या, वळल्या, मशीनकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"उज्ज्वले," त्या म्हणाल्या, "मी येईपर्यंत यांच्याकडं लक्ष ठेव गं."

मी दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा राहिलो.